बहात्तर टक्के दमट

"थांबा. तुम्ही एकतिसावे."

मी हात आडवा केला आणि तो माझ्या हाताकडे बघत राहिला. घाईत असलेली माणसं हाताकडे बघत नाहीत, हाताखालून वाकून जायला बघतात. हा निवांत होता. त्याच्या डाव्या भुवईत काहीतरी चमकत होतं. मला वाटलं, घाम असेल.

"एकतिसाव्याला काय शिक्षा असते?" त्याने विचारलं.

"शिक्षा नाही. वाट बघायची. आतून एक बाहेर आला की तुम्ही आत."

"आणि कुणी बाहेर आलंच नाही तर?"

"मग पाच वाजता दालन बंद होतं."

"म्हणजे तुमच्यासोबत पाच वाजेपर्यंत उभं राहायचं," तो म्हणाला. "ही शिक्षा नाही हे तुम्ही आधीच सांगितलंत, ते बरं झालं."

अशी वाक्यं मला दिवसाला सरासरी दोन ऐकू येतात, सुट्टीच्या दिवशी चार. पण मान खाली घातली आणि हातातलं मोजणीचं यंत्र उगाचच एकदा दाबलं, हेही खरं.

माझं कामच ते. राजवाड्याचं संग्रहालय झालं तेव्हा सगळ्यात देखणं ठरलं ते सोनेरी दालन. भिंतींना उंचच उंच आरसे, छतावर सोन्याच्या वेली, आणि लाकडाच्या हजारो तुकड्यांची, गालिचा अंथरावा तशी नक्षीची जमीन. त्या जमिनीखालची तुळई म्हातारी झाली आहे. म्हणून एका वेळी आत तीसच माणसं. दारात मी. एक आत, एक दाब. एक बाहेर, दुसरा दाब. संग्रहालयातले सगळे मला मोजणीबाई म्हणतात. चार वर्षांत एवढं कळलं, की तिसांतली वीस माणसं आरशात स्वतःला बघतात, सहा झुंबराचा फोटो काढतात, तीन बसायला बाक शोधतात. उरलेला एकच मान वर करून छत बघतो. तो एक माझ्या लक्षात राहतो.

"अरे, पोरीशी काय वाद घालतोस? परवानगीचा कागद दाखव की तिला." मागून एक म्हातारे गृहस्थ आले. एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात चपटी लाकडी पेटी. "बाळ, आम्ही बघायला नाही आलो. छताचा वर्ख उडालाय ना, तो लावायला आलोय. मी आणि हा माझा भाचा."

"हो ना," भाचा म्हणाला. "माझं वजन जमिनीवर धरू नका. मी वरच असणार."

तेव्हा मला कळलं, भुवईत होतं ते सोनं होतं.

त्या दिवसापासून माझे तीस अठ्ठावीसवर आले. दोन जागा कायमच्या त्या दोघांच्या.

अर्ध्या दालनात परांची उभी राहिली, अर्ध्यात लोक. सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की श्वासानेही उडतो, म्हणून खिडक्या बंद, पंखे बंद, आणि काम चालू असताना बोलणंही बंद. भाचा तासन्‌तास तोंड मिटून आडवा पडलेला असायचा, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर छत. मी खालून बघायची. मान दुखायला लागली की कळायचं, किती वेळ बघत होते ते.

मामांची नजर गेलेली होती. पूर्ण नाही, मधली. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. "तुझे कान दिसतात मला," ते म्हणायचे, "चेहरा कसा आहे ते भाचा सांगतो, त्यावर विश्वास ठेवायचा." तरी काम करायचे, कारण त्यांच्या कामाला डोळ्यांपेक्षा बोट लागायचं. वर्ख लावायच्या आदल्या संध्याकाळी छतावर चिकट तेलाचा पातळ हात द्यायचा. सकाळी त्यावर बोटाचा सांधा टेकवायचा. तेल बरोबर तयार झालेलं असेल तर सांधा उचलताना बारीकसा आवाज होतो, चीक्‌. नाही वाजलं तर थांबायचं. मामा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे.

"पंचावन्न वर्षं झाली," ते मला म्हणाले. "सगळ्यांनी मला फसवून झालं. डोळ्यांनी फसवलं, बायको आधी निघून गेली. या सांध्याने कधी नाही."

छताच्या मधोमध एक मोठं फूल होतं, सगळ्यात जास्त उडालेलं. ते त्यांनी स्वतःसाठी शेवटी ठेवलं होतं. ते झालं की काम सोडायचं आणि घरी जायचं, असं ठरलेलं होतं.

आता नियमाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. हवा दमट असेल तर वर्ख धरत नाही. म्हणून देखभालीच्या प्रमुख बाईंनी... त्यांची खोली वरच्या मजल्यावर, म्हणून आम्ही त्यांना वरच्या बाई म्हणतो... त्यांनी सांगून ठेवलं होतं की दमटपणाचा काटा पासष्टच्या वर गेला तर त्या दिवशी वर्ख लावायचा नाही. आणि काटा कारागिरांनी वाचायचा नाही. कारागीर काम संपवायच्या घाईत रोज कोरडंच सांगणार. काटा वाचायचा संग्रहालयाच्या माणसाने. सकाळी दहाला, खिडकीच्या कोनाड्यात, वहीत आकडा लिहून त्याची चिठ्ठी परांचीच्या खांबाला लावायची.

संग्रहालयाचा माणूस म्हणजे मी.

आठव्या दिवशी रिपरिप पाऊस होता. काटा बहात्तरवर. मी चिठ्ठी लावली. मामा वरून उतरले, म्हणाले, "हो, आज वाजत नाहीये," आणि बाकावर जाऊन झोपले. भाचा माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"आज मी जमिनीवर आहे," तो म्हणाला. "मोजलंत का?"

"मोजलं."

"कितवा?"

"तुम्ही मोजणीत धरलेलेच आहात पहिल्या दिवसापासून."

"असं का," तो म्हणाला, आणि दाराच्या चौकटीला टेकला.

दुपारभर आम्ही बोललो. त्याने मला दाखवलं की वेलींच्या मागच्या रांगेतली फुलं जुन्या कारागिरांनी घाईत उरकली आहेत, चार पाकळ्यांवरच, कारण तिथे कुणी बघणार नाही असं त्यांना वाटलं. मी त्याला दाखवलं, आरशात बघणाऱ्यांत नवरे बायकांपेक्षा जास्त असतात. वर्खाचा एक उरलेला तुकडा त्याने कुंचल्याने उचलून माझ्या अंगठ्याच्या नखावर ठेवला.

"हात लावू नका. बोटाने धरायला गेलं की तो नसतोच."

"मग घरी कसा नेऊ?"

"नेऊ नका. इथेच बघा, जितका वेळ आहे तितका."

संध्याकाळी मोजणी जुळेना. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे दालनात अजून सहा माणसं होती. दालनात आम्ही दोघंच होतो, आणि झोपलेले मामा.

घरी आई म्हणाली, "जेवताना कुणाला हसतेस?"

"छताला."

"छताला आई-वडील आहेत का?"

"मामा आहे."

"चला, कुणीतरी आहे," आई म्हणाली आणि वाढायला लागली.

पुढच्या दिवशी ऊन पडलं. काटा अठ्ठावन्न. तो वर गेला आणि तोंड मिटून आडवा झाला. मी खाली उभी राहिले आणि दिवस मोजले. मोजायची सवय वाईट. काम चाळीस दिवसांचं होतं. नऊ गेले. एकतीस उरले, त्यांतले सुट्टीचे वजा, आणि उरलेल्यांत त्याचं तोंड बंद. म्हणजे बोलायला जवळजवळ काहीच नाही.

गुरुवारी काटा छप्पन्न होता. मी बहात्तर लिहिलं.

अक्षर नेहमीइतकंच सुवाच्य आलं, हेच वाईट. आकडाही नवा शोधला नाही. एकदा खरा निघालेला होता, तोच वापरला.

"आज पुन्हा दमट का, मोजणीबाई?" परांचीवरून उतरत त्याने विचारलं.

"दमट."

खिडकीबाहेर स्वच्छ निळं आकाश होतं. त्याने ते पाहिलं, मग मला पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

असे अकरा दिवस झाले. सलग नाही, मी काही वेडी नव्हते. कधी आठवड्यातून दोन, कधी तीन. बाहेर कडकडीत ऊन आणि माझ्या वहीत पाऊस. वरच्या बाईंनी आकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या, जुन्या भिंती आहेत, ओल धरत असतील म्हणाल्या आणि ओलावा शोषणाऱ्या दोन पिशव्या पाठवल्या. त्या पिशव्यांवर आम्ही दोघं बसायचो. हसायचो. मला वाटायचं, जगात इतकं सोपं काही असू शकतं आणि ते मला जमलं आहे.

मामांकडे आमचं लक्ष नव्हतं.

मामा रोज दहाच्या आधी वर जायचे आणि सांधा टेकवायचे. पहिल्या खोट्या दिवशी खाली येऊन म्हणाले, "मला तर वाजल्यासारखं वाटलं. असेल, वरची हवा वेगळी असते." दुसऱ्या वेळी काहीच बोलले नाहीत, फक्त सांधा सदऱ्याला पुसला. पुढे त्यांनी पद्धत बदलली. आधी मला विचारायचे, "पोरी, आज काटा किती?" आणि मग वर जायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पा हव्यात. ते तेल तपासत नव्हते. स्वतःचं बोट तपासत होते.

अकराव्या खोट्या दिवशी ते वरूनच म्हणाले, "तयार आहे. आण वर्ख."

खाली भाचा चिठ्ठीसमोर उभा होता. "मामा, कागदावर बहात्तर आहे."

"वाजतंय रे."

"बहात्तर आहे, मामा."

हे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. तेव्हा मला कळलं, की त्याला माहीत आहे. पहिल्यापासून. आणि लाज वाटायला हवी त्या क्षणी मला आनंद झाला. तो खोटं बोलत होता, माझ्यासाठी, स्वतःच्या मामाशी. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता आणि नंतर व्हायचा नाही.

मग मामा एकेक पायरी चाचपत खाली आले.

सोमवारी काटा पंचावन्न होता, आणि मी पंचावन्नच लिहिलं. मामा वर गेले, सांधा टेकवला, पुन्हा टेकवला, आणि भाच्याला हाक मारली. "तू बघ बाबा. मला कळत नाही." बुधवारी त्यांनी कुंचले पेटीत ठेवले आणि पेटी भाच्याच्या हातात दिली.

"डोळे गेले तेव्हा म्हटलं, बोट आहे. आता बोटही गेलं. ते फूल तू कर."

त्या दुपारी जिन्यावर मी त्याला गाठलं. तुम्ही म्हणायचं राहूनच गेलं.

"तुला माहीत होतं."

"मीही वर्ख लावतो. माझाही सांधा वाजतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का लिहिलंस?"

आमचं प्रेमाचं बोलणं एवढंच. याहून गोड काही आम्ही एकमेकांना म्हटलेलं नाही.

"मी आज सांगतो त्याला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. "विश्वास बसत नाही त्याचा. म्हणाला, तू माझं मन राखतोयस. चांगला मुलगा आहेस म्हणाला."

मग मी गेले. वही घेऊन बाकासमोर जमिनीवर बसले. "मामा, मी खोटं लिहिलं. अकरा दिवस. हवा कोरडी होती. तुमचं बोट बरोबर होतं."

"का गं लिहिलंस?"

"तुमच्या भाच्याशी बोलायला मिळावं म्हणून."

ते हसले. त्यांनी चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दोघांनी मिळून गोष्ट छान रचलीत."

"रचलेली नाही, मामा. खरं आहे."

"ऐक. पंचावन्न वर्षांचा हात एका चिठ्ठीला घाबरेल का? जागेवर असता तर भांडला असता. कागद फाडून वर्ख लावला असता. मी भांडलो नाही. म्हणजे मला आतून माहीत होतं." ते हे समजावून सांगत होते, अगदी प्रेमाने, लहान मुलीला सांगावं तसं. "तू वाईट वाटून घेऊ नकोस."

भाच्याने शेवटचा उपाय केला. तीन फळ्या आणल्या. एकीवर तेल बरोबर तयार, एकीवर कच्चं, एकीवर पार सुकलेलं. मामांच्या मांडीवर एकेक ठेवली. "फक्त सांग, कुठली वाजते. कुणाचा कागद नाही, काटा नाही. तू आणि फळी."

मामांनी सांधा टेकवला. बोट तेलावर नीट बसेना. पहिल्या फळीवर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दुसरीवर हलवली. मग परत पहिलीवर गेले, आणि आमच्या चेहऱ्यांच्या कडांकडे बघत राहिले, कुणीतरी उत्तर सांगेल म्हणून.

"ही," ते म्हणाले. ती कच्ची होती.

तोपर्यंत आमचं खोटं होतं. त्या दिवशी ते खरं झालं.

मी वही घेऊन वरच्या बाईंकडे गेले. काही उपयोग नव्हता, तरी गेले. त्यांनी अकरा पानं उलटून पाहिली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे शेवटचं फूल होईपर्यंत दारात उभी राहा," त्या म्हणाल्या. "नंतर तुझी बदली खालच्या सामानघरात. लोकांच्या छत्र्या-पिशव्या सांभाळायच्या. आकडा लिहायचं काम तुला पुन्हा देता येणार नाही."

"हो, बाई."

"आणि... त्या भाच्याला तरी माहीत होतं का?"

"नाही," मी म्हटलं. आणखी एक खोटं, आणि तेवढ्याचंच मला वाईट वाटत नाही.

फूल त्याने एकट्याने चार दिवसांत केलं. मामा बाकावर बसून राहायचे, भिंतीकडे तोंड करून. लोक यायचे, आरशात बघायचे, जायचे. मी दाबत राहिले. चौथ्या दिवशी संध्याकाळी परांचीचे खांब सुटायला लागले आणि फूल दिसलं. सुंदर होतं. आम्हा दोघांनाही वर बघवलं नाही.

"घरी नेतोय त्याला," तो दारात येऊन म्हणाला. भुवई स्वच्छ पुसलेली होती. "आता तो विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही. पाणी गरम आहे का, विचारतो. बटण लागलंय का, विचारतो."

"मी येते."

त्याने पेटी खाली ठेवली.

"खरंच येते. आईला सांगितलंय. ती काही म्हणणार नाही. त्यांचं सगळं मी करीन, आयुष्यभर करीन. तुला एकट्याने..."

"तू आलीस तर त्याला फार आवडेल," तो म्हणाला. "तुझ्यावर जीव आहे त्याचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेल, ही माझ्या भाच्याची बायको, किती गुणी. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून सगळा आळ स्वतःवर घेतला पोरीने. रोज सांगेल. जेवताना सांगेल." तो थांबला. "ऐकवेल तुला?"

मी खूप प्रयत्न केला. हो म्हणायचंच होतं.

"तुला?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघितलं की अजून आनंद होतो मला. आधी आनंद होतो, मग आठवतं. तेच सहन होत नाही. नुसतं वाईट वाटलं असतं तर राहिलो असतो."

त्याने माझा हात धरला. पहिल्यांदाच. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा सांधा कडक होता, घट्टा पडलेला. मी त्यावरून अंगठा फिरवला, तसा त्याने हात काढून घेतला... घाईने नाही, पण घेतला. मग पेटी उचलून तो गाडी बघायला पुढे गेला.

मामांना फाटकापर्यंत मी नेलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. प्रत्येक पायरीच्या आधी ते विचारत होते, "पायरी आहे ना?" आणि मी सांगत होते, "आहे, मामा." राजवाड्याच्या पायऱ्या बावीस आहेत. बावीस वेळा विचारलं.

फाटकाशी ते थांबले. तो लांब गाडीपाशी पेटी ठेवत होता, ऐकू जाणार नाही इतका लांब.

"एक बोलू का?" मामा हळूच म्हणाले. "माझ्या मनात होतं हो तुम्हा दोघांचं. पहिल्याच दिवशी आलं होतं मनात, तू त्याला दारात अडवलंस तेव्हा. म्हटलं, याला अशीच कुणीतरी हवी. पण मी पडलो म्हातारा, माझंच रडगाणं घेऊन बसलो." त्यांनी माझा खांदा थोपटला. "कामाच्या धबडग्यात तुम्हाला धड बोलायलाही वेळ मिळाला नाही."

तो वळून आमच्याकडे येत होता. मी मामांचा हात त्याच्या हातात देण्यासाठी माझ्या खांद्यावरून उचलला.

"नाही मिळाला, मामा," मी म्हटलं.